लघुतरंग लोप (मराठवाडा)

सौर ज्वालेमुळे (सूर्यावर अचानक होणाऱ्या प्रारणाच्या उद्रेकामुळे) लघुतरंग पट्ट्यांवरील संदेशवहन एकाएकी क्षीण होणे किंवा पूर्ण थांबणे. हौशी रेडिओचालक (हॅम) ‘बँड बंद झाला’ एवढेच म्हणतात.

या आविष्काराच्या नावाबाबत मतभेद आहेत. जर्मन अभियंता हान्स म्योगेल यांनी १९३० च्या सुमारास केवळ सूर्यप्रकाशित गोलार्धात घडणाऱ्या अशा लोपांचे वर्णन केले. अमेरिकेतील जॉन हॉवर्ड डेलिंजर यांनी १९३५ मध्ये त्यांचा संबंध सूर्यावरील उद्रेकांशी जोडला. त्यांनी सुचविलेले सुमारे ५४ दिवसांचे आवर्तन पुढे टिकले नाही. काही ग्रंथांत एकट्या डेलिंजर यांचेच नाव येते; निरीक्षणाचा अग्रक्रम पाहता ‘म्योगेल-डेलिंजर परिणाम’ ही जोडसंज्ञा अधिक ग्राह्य वाटते.

ज्वालेतील क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) डी थरातील (६०–९० किमी. उंचीवरील) इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवतात. तरंगांनी हलवलेले इलेक्ट्रॉन तेथील उदासीन रेणूंवर आदळतात आणि तरंगांची ऊर्जा उष्णतेत विरते. हे शोषण ढोबळमानाने कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा १४ च्या आधी बुडतो व नंतर वर येतो. अतिनीच कंप्रतेचे संदेश मात्र याच वेळी बहुधा प्रबळ होतात. चुंबकीय वादळाशी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीशी) याची गल्लत होते. ते सौर द्रव्य येऊन थडकल्यावर, साधारण १ ते ३ दिवसांनी उद्भवते.

सूर्य जितका डोक्यावर, तितके शोषण अधिक. मराठवाड्यात मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास ही स्थिती असते. मुंबई-पुण्याशी दिवसा बोलण्यास सोयीचा ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्‌झचा) पट्टा तेव्हा ज्वाला उसळल्यास गप्प होतो आणि नवखा चालक अँटेना तपासायला गच्चीवर चढतो. लोप काही मिनिटांपासून तासाभराहून अधिक टिकतो. २ मीटर तरंगलांबीच्या (बऱ्याच उच्च कंप्रतेच्या) पट्ट्यावरील स्थानिक संपर्काला सहसा धक्का लागत नाही.

किल्लारी भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) हॅम चालकांनी मदतकार्यात संदेशवहन सांभाळले. भूकंप पहाटे ३.५६ चा, रात्रीच्या बाजूस ज्वालेचा हा परिणाम होत नाही, परंतु मदतकार्य दिवसाही चालते व तेव्हा लोपाची शक्यता असते. ६ सप्टेंबर २०१७ च्या एक्स ९.३ (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) ज्वालेने कॅरिबियनमध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी आपत्कालीन रेडिओ संपर्क तोडला. तेथे सकाळ होती. मराठवाड्यात सायंकाळचे साडेपाच वाजून गेले होते व सूर्य पश्चिमेला कलला होता.