पाच टक्क्यांचा सल्ला आणि बिघडलेलं खाणं : पीसीओएसची एक पार्श्वभूमी

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम : हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते, अंडाशय बारीक पुटिकांनी भरलेले म्हणजे पॉलिसिस्टिक दिसू शकतात) निदान झालं की गोळ्यांच्या आधी सल्ला येतो : वजन उतरव, पाळी सुरळीत होईल. सल्ला खोटा नाही. पण तो ज्या शहरात आणि ज्या सुमारास रुजला, तिथेच या बायकांच्या खाण्याबद्दल आणखी एक गोष्ट समोर आली होती आणि ती पुढे जवळपास पंचवीस वर्षं बाजूला पडून राहिली.

फार जुन्या काळात शिरायचं कारण नाही. १९३५ मध्ये शिकागोतल्या दोन डॉक्टरांनी सात रुग्णांचं वर्णन केलं आणि अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढणं हा उपाय सांगितला. म्हणजे तेव्हा हा आजार सर्जनच्या टेबलावरचा होता. १९८० मध्ये अशा स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं हे दिसलं आणि हळूहळू त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९७९ मध्ये, लंडनमधल्या एका मनोविकारतज्ज्ञाने बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन छापलं होतं : एका बैठकीत भरमसाट खाणं, मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडक उपास. दोन विषय शेजारी शेजारी वाढत होते, पण त्यांचे डॉक्टर वेगळे, वॉर्ड वेगळे.

ते भेटले लंडनमध्येच, १९९१ साली. पीसीओएस असलेल्या स्त्रियांची तुलना इतर हार्मोनच्या तक्रारी असलेल्या स्त्रियांशी केली, तेव्हा पहिल्या गटात बुलिमियासारखं खाणं जास्त आढळलं.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, तिथूनच दुसरा अभ्यास आला आणि माझ्या मते या विषयाची पुढची सगळी दिशा त्याने ठरवली. पीसीओएस असलेल्या २४ लठ्ठ स्त्रियांना सहा-सात महिने रोज १००० कॅलरींचा, कमी चरबीचा आहार दिला. १३ जणींचं वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं. त्यांतल्या ११ जणींना पाळीची तक्रार होती. ९ जणींची पाळी सुधारली किंवा त्यांना दिवस गेले. ज्यांचं वजन तेवढं उतरलं नाही, त्यांच्यातल्या पाळीची तक्रार असलेल्या आठ जणींपैकी फक्त एकीला फरक पडला.

निष्कर्ष स्वच्छ होता आणि डॉक्टरच्या हाती एक सोपा आकडा आला. पाच टक्के. ऐंशी किलोच्या बाईने चार किलो उतरवायचे, यात अवघड ते काय? पुढे अशाच अभ्यासांची भर पडत गेली, ‘पाच ते दहा टक्के’ हे शब्द मार्गदर्शिकांमध्ये रुळले आणि आहार-व्यायाम ही पहिली पायरी ठरली. पण १९९२च्या त्या गटात जवळपास निम्म्या, ११ जणी, पाच टक्क्यांपर्यंत पोचल्या नव्हत्या. त्यांना ते का जमलं नाही, याचं उत्तर कदाचित आदल्या वर्षीच्या अभ्यासात सापडलं असतं. तसं कुणी जोडून पाहिलं नाही. न जमणं म्हणजे बाईचा आळस, असाच अर्थ लावला गेला.

१००० कॅलरी म्हणजे किती, तर आपल्याकडे २०२०च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात असं म्हटलं आहे. दिवसभर भूक मारली की रात्री हात आवरत नाही. मग अपराधी वाटतं, दुसऱ्या दिवशी आणखी कमी खाल्लं जातं आणि चक्र फिरत राहतं. दोष सगळा डाएटचाच आहे असंही नाही. स्वीडनमध्ये २००४च्या सुमारास दिसलं की पीसीओएसमध्ये जेवल्यानंतर पोट भरल्याची खूण देणारं एक हार्मोन कमी स्रवतं. २००२ मध्ये लंडनहून आलेल्या एका छोट्या पाठपुराव्याने तर बाण उलटाच फिरवला : बुलिमिया नऊ वर्षांनंतरही टिकून होता तिथे अंडाशय पॉलिसिस्टिक दिसत होते, खाणं सुधारलेल्यांचे दिसत नव्हते. आधी काय आणि नंतर काय, हा गुंता अजून सुटलेला नाही.

मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेले निदानाचे निकष लावले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, दुसरे कडक निकष लावले तर १०.७ टक्के. आणि रॉटरडॅमनुसार निदान झालेल्यांपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. अशा मुलीलाही सोनोग्राफीचा कागद बघून ‘भात बंद, साखर बंद’ सांगितलं जातं. (घरात लग्नाचं बघणं चालू असेल तर सल्ला देणाऱ्यांत मावश्या-आत्याही येतात.) त्यात आपल्याकडे न खाण्याला मान आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी धरली की उपाशी राहणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही, उलट कौतुक होतं. अलीकडे महाराष्ट्रात गाजलेली दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत स्थूलता आणि मधुमेहासाठी मांडली गेली होती. पीसीओएसच्या मुलींनी ती आपणहून उचलली. सगळ्यांनाच ती बाधते असं नाही. पण जिचं खाणं आधीच बिघडलेलं आहे, तिला ते लपवायला आयती जागा मिळते.

पीसीओएसमधल्या खाण्याच्या तक्रारींची मोजणी उशिरा झाली याला आणखी एक कारण होतं. भरमसाट खाते पण उलटी वगैरे करत नाही, अशा बाईच्या त्रासाला अमेरिकी मनोविकार-सूचीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत पीसीओएसच्या रुग्णांच्या खाण्याची विचारपूस करावी असं आलं, सुरुवातीचे दोन साधे प्रश्नही सुचवले : वजनामुळे स्वतःबद्दल वाटण्यात फरक पडतो का, आणि आपल्या खाण्याच्या पद्धतीवर समाधानी आहात का. २०२३च्या आवृत्तीने स्पष्ट केलं की वजन कितीही असो, ही शक्यता लक्षात ठेवायची, आणि वजन उतरलं नाही तरी चांगल्या सवयींचा फायदा होतो. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पीसीओएसमध्ये बिंज ईटिंगची, म्हणजे वर सांगितलेल्या भरमसाट खाण्याच्या आजाराची, शक्यता सुमारे दुप्पट निघाली, अ‍ॅनोरेक्सियाची (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाकण्याच्या आजाराची) मात्र वाढलेली नव्हती. खाण्याच्या तक्रारी पीसीओएस असलेल्या नेहमीच्या वजनाच्या स्त्रियांमध्येही जास्तच दिसल्या.

आता भूक मारणारी इंजेक्शनं आली आहेत. २०२५ मध्ये ती भारतात वजनासाठी मिळू लागली. २०२३च्या मार्गदर्शिकेने जास्त वजनाच्या पीसीओएस रुग्णांसाठी त्यांचा विचार करता येईल असं म्हटलं आहे, सोबत गर्भनिरोधनाची अट घालून. मूल हवं म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईपुढे ही अट ठेवायची, तर वजन आधी की मूल आधी हे तिच्याशी बोलूनच ठरवावं लागतं. या बोलण्यात खाण्याबद्दलचे ते दोन प्रश्न निघतात की नाही, हे सध्या तरी समोरच्या डॉक्टरवर अवलंबून आहे.