शीतक वस्त्रे

उष्ण हवेत किंवा जाड संरक्षक पोशाखात वावरणाऱ्याच्या शरीरातील जादा उष्णता काढून घेण्यासाठी अंगावर घालावयाची साधने. जाकिटे, गळपट्टे, टोप्या, नळ्या विणलेली अंतर्वस्त्रे आणि पंखे बसवलेले अंगरखे यांचा त्यांत समावेश होतो. डोक्याला गुंडाळलेले ओले फडके तत्त्वतः याच वर्गातले. परंतु येथे मुद्दाम बनवलेल्या साधनांचाच विचार केला आहे.

तत्त्व : विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते, कष्टाच्या कामात हे प्रमाण ४०० वॉटच्या पुढे जाते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान साधारणतः ३३ ते ३५° से. असते. हवा त्याहून गरम झाली की वहन व अभिसरण यांनी उष्णता उलट शरीरात येऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य मार्ग उरतो. १ ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. निथळून खाली पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही.

प्रकार : पाणी शोषणाऱ्या बहुवारिकाची (पॉलिमरची) जाकिटे भिजवून घालतात. ती स्वस्त व हलकी असली तरी दमट हवेत निरुपयोगी ठरतात, शिवाय त्वचेवरच्या घामाची वाट अडवतात. पंख्याच्या अंगरख्यात बाहेरची हवा कपडा व शरीर यांच्यामधून खेळवली जाते. जपानमध्ये सोनी कंपनीतील माजी अभियंता हिरोशी इचिगाया यांनी तो प्रचारात आणला. बांधकाम मजुरांत त्याचा मोठा प्रसार झाला. यातही थंडावा येतो तो घामामुळेच, त्यामुळे पाणी पीत राहणे अपरिहार्य आहे.

बर्फाच्या किंवा अवस्थांतरी (ठराविक तापमानाला वितळताना उष्णता शोषणाऱ्या) पदार्थांच्या पिशव्या घातलेली जाकिटे हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून नसतात. १ किग्रॅ. बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा (तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता) शोषतो. म्हणजे २ किग्रॅ. बर्फ दोन तासांत वितळला, तर सरासरी ९० वॉटच्या आसपास उष्णता शोषली जाते. मात्र त्यातील बराच भाग शरीराऐवजी बाहेरच्या हवेतूनच येतो, म्हणून जाकिटाच्या बाह्य अस्तराचे उष्णतारोधन हा आराखड्यातील कळीचा भाग आहे. बर्फाविषयी दुसरा आक्षेप असा की, फार गार स्पर्शाने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. यावर उपाय म्हणून हेक्झाडेकेन (वितळबिंदू सुमारे १८° से.), ऑक्टाडेकेन (सुमारे २८° से.) किंवा ग्लाउबर लवण (सुमारे ३२° से.) वापरतात. कोणता वितळबिंदू योग्य, यावर मतभेद आहेत. तापमानातील फरक जितका मोठा तितका उष्णतेचा ओघ मोठा, असे एक पक्ष म्हणतो, तर दुसरा पक्ष त्वचेच्या सुखद स्पर्शाला महत्त्व देतो. त्वचेच्या तापमानाला चिकटून असलेले पदार्थ अतिशय मंदपणे वितळतात, हे पाहता पहिल्या पक्षाकडे, म्हणजे १५ ते २१° से. या पट्ट्याकडे, झुकते माप देणे रास्त वाटते.

द्रवशीतित पोशाखाचा उगम : नळ्यांतून पाणी फिरवून शरीर गार ठेवणाऱ्या या पोशाखाचे श्रेय पुष्कळदा अमेरिकेच्या अपोलो या चांद्रमोहिमांच्या कार्यक्रमाला दिले जाते, ते पूर्णतः ग्राह्य दिसत नाही. विमानचालकांसाठी आधी हवा खेळवलेले पोशाख वापरात होते. हवेऐवजी पाणी वापरण्याची कल्पना ब्रिटिश वैद्यक जॉन बिलिंगहॅम यांनी १९५८ च्या सुमारास मांडली आणि फार्नबरो (इंग्लंड) येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या विमानसंशोधन संस्थेत बर्टन व कॉलियर यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्यक्ष नमुना तयार केला, असे सामान्यतः मानतात. कल्पनेचा मान एकाला आणि पोशाखाचा दुसऱ्यांना, ही वाटणी पुराव्याशी अधिक जुळते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी–९ए मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यांना अवकाशात वावरताना वायुशीतित पोशाख अपुरा पडला व शिरस्त्राणाची काच धुक्याने भरली. चांद्रपृष्ठावरील पोशाखांत मग नळ्यांतून पाणी फिरवण्यात आले. त्यानंतरच्या अमेरिकी अवकाशपोशाखांतील अंतर्वस्त्रात सुमारे ९० मी. लांबीच्या नळ्या असतात. या रचनेचे वैगुण्य म्हणजे पंप, गळती आणि वजन. २०१३ मध्ये इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात शीतन यंत्रणेचे पाणी शिरल्याने अवकाशचाल आवरती घ्यावी लागली होती.

पेल्त्ये परिणामावर (विद्युत् प्रवाहामुळे जोडाची एक बाजू गार व दुसरी गरम होणे; झां पेल्त्ये, १८३४) आधारलेल्या, मानेवर घालावयाच्या विद्युत् साधनांची गार बाजू लहान असते आणि गरम बाजूने शोषलेल्या उष्णतेसोबत विजेचीही उष्णता बाहेर टाकावी लागते. त्यांनी व गळपट्ट्यांनी गारवा निश्चित जाणवतो, पण शरीराच्या गाभ्याचे तापमान फारसे उतरत नाही. मेंथॉलचेही तसेच : ते त्वचेतील शीतसंवेदी ग्राहींना चेतवते, उष्णता मात्र नेत नाही. जाणीव व प्रत्यक्ष उष्णताहरण यांतील ही तफावत धोक्याची आहे, कारण बरे वाटत असताना कष्ट चालूच राहतात.

उपयोग : खाणी, ओतशाळा, अग्निशमन, क्रीडा. बहुविध तंतुकाठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या मज्जासंस्थेच्या विकाराच्या रुग्णांत शरीर तापल्यावर लक्षणे बळावतात (उथॉफ, १८९०). त्यांनाही अशी जाकिटे उपयोगी पडतात.

चाचणी : एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ २३७१ या मानकात घाम येणाऱ्या तापित पुतळ्यावर साधनाचा उष्णताहरण दर मोजतात, तर एफ २३०० मध्ये माणसांवर. पुतळ्याच्या चाचणीत त्वचा व हवा दोन्ही ३५° से. वर ठेवली जातात, त्यामुळे तेथे मिळालेला वॉटचा आकडा अधिक उष्ण व दमट हवेला तसाच लागू होत नाही.