पोटातलं सामान डोक्यावर कसं आलं

बोर्डिंग गेटपाशी बॅगेचं माप बघायची ती लोखंडी चौकट ठेवलेली असते. बॅग वरून सोडली की झरकन आत जाते, आणि शेवटच्या दोन बोटांवर अडते. अडतात ती चाकं. कंपनीच्या मापात चाकं धरलेली असतात, हँडल धरलेलं असतं, बाहेरच्या खिशात कोंबलेला चार्जरसुद्धा धरलेला असतो. विकणारा मात्र बऱ्याचदा चाकं सोडून माप सांगतो. माझी बॅग अशीच एकदा अडली. मागे रांग, पुढे कार्डचं मशीन हातात धरून उभा असलेला कर्मचारी. त्या दिवशी तिकिटापेक्षा बॅग महाग पडली. हे नियम कुणीतरी निव्वळ छळायला केलेत, असं तेव्हा वाटलं होतं. मागचा इतिहास चाळल्यावर मत थोडं बदललं. छळ आहेच, पण तो हिशेबाने आलाय, आणि त्या हिशेबात प्रवाशांचाही हात आहे.

‘सोबतचं सामान’ आणि ‘सोपवलेलं सामान’ हा फरक कायद्यात फार जुना आहे. विमानवाहतुकीच्या १९२९च्या आंतरराष्ट्रीय वॉर्सा कराराने विमानकंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानाची भरपाई किलोमागे २५० फ्रँक अशी ठरवली, आणि प्रवासी स्वतः सांभाळतो त्या वस्तूंसाठी माणशी ५,००० फ्रँकची मर्यादा घातली. सोबतच्या वस्तू म्हणजे काय, तर छत्री, कोट, हातातली पिशवी. त्या काळच्या विमानात डोक्यावर कप्पे नव्हतेच. टोप्या आणि कोट ठेवायला उघड्या फळ्या असायच्या, आणि इंग्रजीत त्यांना ‘हॅट रॅक’च म्हणत. जड काही तिथे ठेवलं तर पहिल्याच धक्क्याला कुणाच्या तरी डोक्यात बसणार. १९७० पासून बोइंग ७४७ सारखी रुंद विमानं उडू लागली आणि झाकणाचे कप्पे रूढ होत गेले. झाकण आलं तसं वजनही वर चढलं.

वजन वर चढायला चाकांचीही गरज होतीच. बर्नार्ड सॅडो या अमेरिकनाला चाकांच्या सूटकेसचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं, पण ती आडवी, पट्ट्याने ओढायची होती, कुत्र्याला फिरवावं तशी. खरा फरक पडला १९८७ मध्ये. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा वैमानिक रॉबर्ट प्लॅथ याने छोटी पेटी उभी केली, खाली दोन चाकं लावली आणि वर ओढता येईल असा दांडा बसवला. आधी ती विमानातल्या कर्मचाऱ्यांनीच घेतली. विमानतळावर त्यांना ऐटीत चालताना बघून प्रवाशांनाही ती हवीशी झाली. उचलायचे कष्ट संपले आणि पाठीला जेवढं झेपेल तेवढंच बरोबर न्यायचं, ही निसर्गाने घातलेली मर्यादाही संपली. तिथून पुढे कप्पा बॅगेच्या मापाने आणि बॅग कप्प्याच्या मापाने घडत गेली.

तेव्हापासून भांडणंही सुरू झाली. २००० च्या सुमारास युनायटेड एअरलाइन्सच्या पुढाकाराने वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या तोंडालाच बॅगेच्या मापाच्या चौकटी बसल्या. तपासणीची जागा सगळ्या कंपन्यांची सामाईक होती. कॉन्टिनेंटलने स्वतःच्या विमानांत मुद्दाम मोठे कप्पे बसवून घेतले होते, आणि तिचे प्रवासी दुसऱ्याच कंपनीच्या मापाला अडायला लागले. प्रकरण कोर्टात गेलं.

स्वस्त विमानकंपन्यांचं गणित मात्र वेगळं होतं. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा ते कमवत नाही, हा त्यांचा पहिला धडा. टेक्सासमध्ये १९७१ मध्ये उडू लागलेल्या साउथवेस्टवर दुसऱ्याच वर्षी चारांतलं एक विमान विकायची पाळी आली. उरलेल्या तिघांत चारांचं वेळापत्रक बसवायचं, म्हणून विमान गेटला लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंत दहा मिनिटं, असा शिरस्ता त्यांनी घातला. अशा धंद्यात विमानाच्या पोटात जाणारं सामान म्हणजे कटकट. ते घ्यायला काउंटर लागतो, वाहून न्यायला माणसं लागतात, पोचवायला बेल्ट लागतो, आणि हरवलं तर भरपाई. १९८१ मध्ये सुरू झालेल्या पीपल एक्सप्रेसने चेक-इन बॅगेला तीन डॉलर लावले. तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं. पुढच्या तीसेक वर्षांत तेच जगभर झालं.

माझ्या मते या कथेचा सांधा बदलणारं वर्ष २००६. त्या वर्षाच्या सुरुवातीला युरोपात फ्लायबी आणि पाठोपाठ रायनएअर या स्वस्त विमानकंपन्यांनी चेक-इन बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली. रायनएअरचा दर आधी बुकिंग केलं तर बॅगेमागे साडेतीन युरो होता, म्हणजे फार नव्हता. पण त्याच घोषणेत आणखी एक ओळ होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही: केबिन बॅगेची मर्यादा सातवरून दहा किलो. म्हणजे सामान खाली देऊ नका, वर घेऊन या, आम्हीच सांगतोय. लोकांनी ऐकलं. पुढे ज्या गर्दीबद्दल प्रवाशांना बोल लावले गेले, तिचं आमंत्रण कंपनीनेच दिलं होतं.

त्याच ऑगस्टमध्ये अटलांटिकवर विमानं उडवून देण्याचा, बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. १० ऑगस्टला ब्रिटिश विमानतळांवर प्रवाशांना पासपोर्ट, पाकीट असं मोजकंच, तेही पारदर्शक पिशवीत घेऊन चढावं लागलं. बंदी हळूहळू सैल झाली आणि मागे १०० मिलिलिटरचा नियम उरला. शाम्पूची मोठी बाटली हवी तर बॅग खाली द्या, आणि खाली दिली तर पैसे भरा. एक नियम सुरक्षेचा, दुसरा धंद्याचा. प्रवासी दोन्हींच्या मध्ये.

२००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले. बाकीच्या मोठ्या कंपन्या बघता बघता मागून आल्या. तेल उतरलं, शुल्क उतरलं नाही. यात एक बारीक मेख आहे. अमेरिकेत देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर साडेसात टक्के कर लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. तेच पैसे भाड्यातून घेण्यापेक्षा बॅगेतून घेतलेले कंपनीला परवडतात.

आता सगळेच वर सामान आणायला लागले आणि कप्पे पुरेनात. रायनएअरच्या १८९ आसनी बोइंग ७३७ मध्ये मोठ्या केबिन बॅगा मावायच्या सुमारे ९०. उरलेल्या शंभरेक बॅगा दारापाशी काढून घ्यायच्या, चिठ्ठ्या लावायच्या आणि खाली टाकायच्या. म्हणजे जे काम टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच आता फुकटात आणि घाईत, निघायच्या वेळेला. उपाय कंपन्यांच्या स्वभावाला धरूनच निघाला. खालच्या वाटेवर जकात बसवल्यामुळे लोक वरच्या वाटेने आले होते. मग वरच्या वाटेवरही नाका बसवला.

पहिला मान अमेरिकेच्या स्पिरिट या स्वस्त विमानकंपनीचा. एप्रिल २०१० मध्ये तिने जाहीर केलं की सीटखाली मावेल ते फुकट, डोक्यावरच्या कप्प्यात जाईल त्याचे पैसे. गेटपर्यंत थांबलात तर ४५ डॉलर. सिनेटर चक शूमर यांनी आवाज उठवला आणि पाच मोठ्या कंपन्यांकडून ‘आम्ही असं करणार नाही’ असा शब्द घेतला. त्या पाचांत युनायटेडही होती. २०१७ मध्ये युनायटेडने सर्वांत स्वस्त तिकीट आणलं, आणि बहुतेक मार्गांवर त्या तिकिटावर कप्प्यात बॅग ठेवता येणार नव्हती. कप्प्याचं शुल्क नाही, फक्त परवानगी नाही. शब्द पाळला म्हणायचा की मोडला, हे ज्याने त्याने ठरवावं.

युरोपात विझ एअरने २०१२ मध्ये मोठ्या केबिन बॅगेला दर लावला, २०१७ मध्ये काढून घेतला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात रायनएअरच्या बरोबरीने ‘प्रायॉरिटी’च्या, म्हणजे आधी चढण्याच्या सवलतीच्या, नावाखाली परत आणला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, युरोपियन युनियनच्या न्यायालयाने व्हुएलिंग या स्पॅनिश विमानकंपनीच्या खटल्यात एक वाक्य लिहून ठेवलं होतं, त्यावरून आजही वाद चालू आहे. खटला खरं तर चेक-इन सामानाचा होता, आणि त्याचे वेगळे पैसे घेता येतात असा निकाल लागला. पण ओघात न्यायालय म्हणालं की हातातलं सामान हा प्रवासाचा अत्यावश्यक भाग आहे. वजन आणि आकार वाजवी असेल तर त्यावर अधिभार लावता येणार नाही. आता ‘वाजवी’ म्हणजे किती? कंपन्या म्हणतात, सीटखालची पिशवी फुकट आहे की, झालं वाजवी. ग्राहक संघटना म्हणतात, चाकांची छोटी बॅग. याच मुद्द्यावर स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोचा दंड ठोठावला, त्यातला १० कोटींहून अधिक एकट्या रायनएअरला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं.

सगळ्यांचं माप एकच का करत नाहीत, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. प्रयत्न झाला. जून २०१५ मध्ये विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, ५५ × ३५ × २० सेंटिमीटरचं आदर्श माप सुचवलं आणि अशा बॅगांवर ‘केबिन ओके’चा शिक्का मारायचं ठरवलं. लोकांनी अर्थ काढला की आता घरातल्या सगळ्या बॅगा भंगारात. एवढा गदारोळ झाला की आठवडाभरातच योजना थांबवली गेली. त्यानंतर थेट २०२५ मध्ये युरोपातल्या बऱ्याच कंपन्या सीटखालच्या पिशवीच्या ४० × ३० × १५ या किमान मापावर एकत्र आल्या. रायनएअरने त्याहून पाच सेंटिमीटर जास्त दिले, आणि त्याच वर्षी मोठी बॅग पकडणाऱ्या गेटवरच्या कर्मचाऱ्याचा बोनस बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो करायचं जाहीर केलं. चौकटीशेजारी उभा असलेला माणूस एवढ्या बारकाईने का बघतो, त्याचं उत्तर इथे आहे.

‘बॅगा फुकट’ हीच ज्यांची जाहिरात होती त्या साउथवेस्टनेही २८ मे २०२५ पासूनच्या बुकिंगवर चेक-इन बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

दरम्यान, बॅटरीने एक नवाच घोळ केलाय. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे, कारण पोटात धूर निघाला तर तिथे कुणी पोचू शकत नाही. केबिनमध्ये निदान कर्मचारी पाणी घेऊन धावतील. तेव्हा गेटवर बॅग अडली, पैसे भरले, चिठ्ठी लागली की कर्मचारी विचारतो, ‘आत पॉवर बँक आहे का?’ आणि ज्याने घरी बॅगेवर बसून चेन लावलेली असते, तो रांगेच्या मधोमध गुडघे टेकून ती चेन उघडायला लागतो.