प्लुटोवरचा वारा सुटतो कुठून?

बडोद्याच्या सयाजीबागेत, तारांगणाबाहेर एक आजोबा नातवाला शेंगा सोलून देता देता सांगत होते, "प्लुटो काय, नुसता मेलेला बर्फाचा गोळा. म्हणून तर त्याला ग्रहांतून काढला!" दोन्ही गोष्टी चूक. २००६ मध्ये प्लुटो बटुग्रह ठरला तो त्याच्या कक्षेच्या वाटेवर इतर पिंडांची गर्दी आहे म्हणून. थंडीचा त्यात काही संबंध नाही. आणि मेलेला तर तो मुळीच नाही.

१४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान त्याच्यापासून साधारण साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं, तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. २,३७७ किमी व्यासाचा, म्हणजे आपल्या चंद्राहूनही लहान पिंड. पृष्ठभागाचं तापमान उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकाइतका कडक होतो, त्यामुळे तिथले डोंगर त्याचेच. तेनझिंग नोर्गे यांच्या नावाची डोंगररांग काही ठिकाणी सहा किमी उंच आहे.

तिच्या पायथ्याशी स्पुटनिक प्लॅनिशिया हे नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान पसरलंय, सुमारे हजार किमी रुंद. बर्फ काही किलोमीटर जाड आहे आणि खालून मंद उष्णता मिळत असल्याने मंद आचेवरच्या पिठल्यासारखा तळातून वर येत असतो, फक्त लाखो वर्षांच्या चालीने. म्हणून त्यावर उल्कापाताचं एकही विवर टिकलेलं दिसत नाही.

माझ्या मते प्लुटोची खरी गंमत याच मैदानात आहे, कारण तिथलं हवामान मुख्यतः हेच चालवतं.

बडोद्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा त्यामागे तापलेली जमीन, त्या मानाने थंड समुद्र आणि त्यातून आलेला दाबाचा फरक असतो. हवा मात्र तीच राहते, इकडची तिकडे जाते. प्लुटोवर खुद्द हवाच गोठते आणि पुन्हा हवा होते. तिथलं वातावरण मुख्यतः नायट्रोजनचं, दाब पृथ्वीच्या सुमारे एक लक्षांश. दिवसा ऊन पडलं की मैदानातला बर्फ थेट वायू होतो. रात्री तोच वायू पुन्हा बर्फ होऊन बसतो. प्लुटोचा एक दिवस आपल्या ६.४ दिवसांचा.

आता जरा नेटाने वाचा. बर्फाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, म्हणून उन्हातला बर्फ फारसा तापत नाही. वायूचा बर्फ होताना तीच उष्णता बाहेर पडते, म्हणून अंधारातला फारसा गारठत नाही. परिणामी प्लुटोवर नायट्रोजनचा बर्फ जिथे जिथे आहे तिथे त्याचं तापमान जवळजवळ सारखं राहतं. पण जो किंचित फरक उरतो तोही पुरतो, कारण एखाद-दीड अंश वाढला की बाष्पदाब, म्हणजे बर्फातून सुटलेल्या वायूचा दाब, सुमारे दुप्पट होतो. वायू उन्हाकडून अंधाराकडे धावतो, आणि तोच वारा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिमानांनुसार हा वारा प्लुटोच्या स्वतःच्या फिरण्याच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे वाहतो. विषुववृत्ताच्या बाजूला सरकणारा वायू जास्त वेगाने फिरणाऱ्या जमिनीवर येतो आणि मागे पडतो, म्हणून. मैदानाच्या कडेला मिथेनच्या बर्फकणांचे वाळवंटासारखे ढिगारे दिसतात, ते याच वाऱ्याचं काम असावं.

शिखरांवरची पांढरी टोपी दिसायला हिमालयासारखी, पण तिचं कारण उलटं. पृथ्वीवर उंचावर हवा थंड होते. प्लुटोवर मिथेन ऊन शोषतो, म्हणून वर जावं तशी हवा उबदार होत जाते. टोकांवर मिथेन गोठतो कारण त्या उंचीवर हवेत तो जास्त असतो.

आमच्याकडे पंचांगात हर्षल, नेपच्यूनच्या शेजारी प्लुटोलाही जागा मिळाली आहे. १९३० पूर्वी तो कुणाला ठाऊकच नव्हता, तरी त्याच्यावाचून एकाही कुंडलीचं अडलं नव्हतं. माणसाच्या लग्नात विघ्न आणण्याइतका वेळ त्याच्याकडे दिसत नाही. सूर्याभोवतीची त्याची एक फेरीच २४८ वर्षांची.

१९८९ मध्ये प्लुटो सूर्याला सर्वात जवळ होता, तेव्हापासून दूर चाललाय. मग हवा गोठून पातळ व्हायला हवी, असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात १९८८ ते २०१६ या काळात वातावरणाचा दाब सुमारे तिप्पट झाला. अंतर वाढत होतं खरं, पण ऋतू बदलून ऊन नेमकं उत्तर गोलार्धातल्या नायट्रोजनवर जास्त पडू लागलं होतं, आणि बर्फाला उशिरा तापायची सवय. हा दाब उतरू लागला की मैदानावर किती नवा थर बसतो, हे पाहायला एखादं यान पाठवायला हवं.