‘ऑडिट’ या शब्दाची पार्श्वभूमी

‘ऑडिट’ हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हिशेब खरोखरच ऐकले जात. जहागिरीवरचा कारभारी बहुधा निरक्षर असे. त्याचा वर्षभराचा जमाखर्च कारकून चर्मपत्राच्या गुंडाळीवर उतरवी आणि सुगीनंतर जमीनदाराचे ऑडिटर त्या कारभाऱ्याला समोर बसवून एकेका नोंदीचा जाब विचारत. न पटलेला खर्च ते तिथेच खोडत आणि ओळींच्या मधल्या जागेत मान्य केलेली रक्कम लिहीत. फरकाचा भुर्दंड कारभाऱ्यावर पडत असल्यामुळे हे ऐकणे मुळीच सौम्य नव्हते. अमेरिकी विद्यापीठांत श्रेयांकाविना तासांना बसण्यालाही ‘ऑडिट करणे’ म्हणतात, तो याच मूळ अर्थाचा अवशेष होय.

भागभांडवली कंपन्या आल्यावर पैसा गुंतवणारे आणि तो वापरणारे वेगळे झाले. ब्रिटनच्या 1844 च्या कायद्याने कंपन्यांना ऑडिटर नेमायला लावले. मात्र तो व्यावसायिक लेखापाल असण्याची अट नव्हती, त्यामुळे हे काम अनेकदा एखादा भागधारकच उरकून टाकी. 1856 मध्ये ही सक्तीही गेली आणि सर्व नोंदणीकृत कंपन्यांसाठी ती परतायला 1900 साल उजाडले.

ऑडिटरने किती खोलात शिरावे, हा प्रश्न 1896 मध्ये किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात ऐरणीवर आला. व्यवस्थापकाने मालाचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विसंबून तो मान्य केला होता. न्यायमूर्ती लोप्स यांनी ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे सांगत त्यांना दोषमुक्त ठरवले. हा निकाल व्यवसायाला फारच सोयीचा होता, असे म्हणावे लागेल. पुढे 1947 च्या ब्रिटिश कायद्याने ताळेबंद ‘खरा आणि बिनचूक’ असण्याऐवजी ‘खरे आणि वाजवी’ चित्र दाखवणारा असावा, असे ठरवले. म्हणजेच ऑडिट अहवाल हे हमीपत्र नसून जाणकाराने दिलेले मत आहे, हे कायद्याच्या भाषेतही उतरले.

रुग्णोपचार ठरलेल्या मानकांशी ताडून पाहणारे क्लिनिकल ऑडिट आणि इमारतीतील वीज-इंधनाचा वापर तपासणारे एनर्जी ऑडिट हे या शब्दाचे अलीकडचे व्यावसायिक उपयोग आहेत. हिशेबांच्या क्षेत्रात मात्र कळीचा मुद्दा स्वायत्ततेचा राहिला. एन्रॉन कंपनी बुडाली तेव्हा तिची ऑडिटर संस्था तिच्याकडूनच सल्लागारीचीही मोठी फी घेत होती, असे उघड झाले. त्यानंतर अमेरिकेने 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ऑडिटरांना त्याच सूचिबद्ध कंपनीला बहुतेक सल्लासेवा देण्यास मनाई केली.