एडीएचडी आणि माइंडफुलनेस : ही जोडी जमली कशी

चौतिसाव्या वर्षी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा त्रास, आहे म्हणून कळलं आणि आई लगेच म्हणाली, "अगं मग ध्यानाला बस की." आता ज्याचं लक्षच ठरत नाही त्यालाच सांगायचं लक्ष दे, म्हणजे काय बोलायचं. पण मी बसलेली, दहा दिवसांच्या एका शिबिराला गेले आणि चौथ्या दिवशी बॅग भरून घरी. तेव्हा वाटलेलं आपल्यातच खोट आहे. नंतर एडीएचडी आणि ध्यान या दोन्हींमागचा इतिहास वाचत गेले तसा डोक्यातला तो समज जरा हलला.

आधी आजाराचं. 1798 ला अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय, म्हणजे हे काय मोबाईलमुळं आलेलं नाही (हे आमच्या काकांना कोणीतरी सांगा). 1902 ला लंडनमधे जॉर्ज स्टिल यांनी अशा पोरांवर व्याख्यानं दिली, पण त्याला म्हटलं काय तर नैतिक ताबा कमी! वळण नाही, हट्टी आहे, हे जे आपल्याकडं अजून ऐकायला मिळतं ते तिथनंच सुरू असल्यासारखं वाटतं. 1937 ला अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडलींनी मुलांची डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तर बऱ्याच जणांचा अभ्यासच सुधारला. औषधांची वाट अशी चुकून सापडली. पुढं अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात 1980 ला 'एडीडी' नाव आलं, 1987 ला 'एडीएचडी', आणि मोठ्या माणसांसाठी निकष जरा सैल झाले ते 2013 ला. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना उशिरा कळतं त्याचं एक कारण हे.

माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवायच्या ध्यानाची, वाट वेगळीच. मूळ शब्द पालीतला 'सति', त्याला इंग्रजीत हा शब्द 1881 ला पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी वापरला. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी 1969 ला बर्मातनं भारतात आले, 1976 ला इगतपुरीचं केंद्र झालं. तिकडं जॉन कबाट-झिन यांनी 1979 ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधे बौद्ध ध्यानातनं धार्मिक भाग बाजूला काढून आठ आठवड्यांचा कोर्स बांधला, तोही जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी. घरी रोज पाऊण तास बसायचं. चंचल डोक्याचा विचार यात कुणी केलाच नव्हता, म्हणजे एडीएचडीवाला माणूस त्यात बसणार कसा!

तो विचार केला मानसोपचारतज्ज्ञ लिडिया झिलोव्स्का यांनी, लॉस एंजेलिसमधे. 2008 ला छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात 24 मोठी माणसं आणि 8 टीनएजर होते. सुरुवात पाच मिनिटांनी, वाढवत पंधरापर्यंत, आणि बसवत नसेल तर चालत करा. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता म्हणून फार उड्या मारायला नकोत, पण नंतर नेदरलँड्समधे 120 जणांवर तुलना करून केलेल्या अभ्यासातही लक्षणं कमी झालेली दिसली. तिथंसुद्धा चालू उपचार बंद केले नव्हते, त्यात भर म्हणून हे होतं. मीपण गोळी घेतेच.

आता मी सकाळी रंकाळ्यावर चालते. नवी कोल्हापुरी चप्पल कर्रकर्र वाजते त्या आवाजावर लक्ष ठेवायचं, एवढंच. दहाव्या पावलाला आठवतं गॅस बंद केला का, मग भेळेची गाडी दिसते, मग परत कर्रकर्र. चप्पल जुनी होऊन वाजायची थांबली की काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.