सील नवीन, तरी शॉकअप गळतोय? आधी पाईप बघा
(जुन्या गाडीचा पुढचा शॉकअप घरी खोलणाऱ्या ग्राहकांसाठी)

सीलचं किट नेलं, अख्खा दिवस घालवला, सील बसवलं आणि आठ-दहा दिवसांत पाईपवर पुन्हा तेलाचं कडं. मग काउंटरवर तक्रार येते, "सील डुप्लिकेट दिलंत." म्हणून हा कागद किटसोबत देतोय. चाक, हँडल, टी (दोन्ही पाईप वरून धरणारा क्लॅम्प) कसं खोलायचं हे तुम्हाला येतं असं धरून चाललो आहोत.

सीलची लिप, म्हणजे पाईपला टेकून तेल अडवणारा ओठ, रबराची असते. पाईपच्या क्रोमवर गंजाने टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला, तरी त्याची उचललेली कड त्या लिपला कानशीसारखी लागते. जुनं सील ज्या खड्ड्याने कापलं, तोच खड्डा नवंही कापणार. सील कुठल्याही कंपनीचं असो.

खड्डा डोळ्याला दिसेलच असं नाही. पाईप कोरडा पुसून त्यावरून अंगठ्याचं नख आधी उभं, मग आडवं फिरवा. नख जिथे अडकेल तिथे पेनाने खूण करा. कापसाचा बोळा फिरवला तरी चालतो, तंतू अडकून राहतात. पाईपची पुढची बाजू जास्त निरखून बघा, उडालेले खडे तिथेच बसतात.

आता तो खड्डा सीलच्या वाटेत येतो का, हे बघायचं. त्यासाठी गाडी खोलण्यापूर्वीच पाईपवर एक केबल टाय हाताने सरकेल इतपतच आवळून डस्ट सीलला (धूळ अडवणारं सगळ्यात वरचं रबर) टेकवा आणि मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा. टाय जिथे सरकून थांबला, साधारण तिथपर्यंत सील चालतं. त्याच्या बरंच वर, टीमध्ये दडलेल्या भागात कितीही गंज असला तरी सीलला त्याचा त्रास नाही. तो बघून नवा पाईप घ्यायला येणाऱ्यांना आम्ही परत पाठवलं आहे.

नुसती कड उचललेली असेल तर हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाईपभोवती गोल फिरवा. उभा घासू नका, उभ्या ओरखड्यातून तेल वर चढतं. खड्डा खोल असेल तर घासून जाणार नाही. मग हार्ड क्रोम करून ग्राइंड करायचं, नाहीतर पाईप बदलायचा. दोन्ही कामं आमच्याकडे होतात.

बसवलेलं सील आम्ही परत घेत नाही, याचा काहींना राग येतो. पण ठोकून बसवलेलं सील उचकटताना खराब होतंच. मग दोष त्यात आधीपासून होता की नाही, हे कोण सांगणार? त्यापेक्षा किट नेण्याआधी पाईप घेऊन या. बघायचे पैसे घेत नाही. कधी कधी लिपखाली नुसती माती अडकलेली असते, ती साफ केली की गळती थांबते. तेव्हा किट विकतही नाही.

बाकीचं थोडक्यात. खालचा एलन बोल्ट आधी सैल करा, स्प्रिंग नंतर काढा. स्प्रिंगचा दाब गेला की आतला रॉड बोल्टबरोबर गरागरा फिरतो. वरचं झाकण सुटताना उडतं, तोंड बाजूला ठेवा. एलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर किटमध्ये आहे, तो जुनाच वापरू नका. सील घालताना पाईपच्या टोकावर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर लिप तिथेच चिरते. सील बसल्यावर सर्क्लिपची (सील जागेवर धरणारी तारेची रिंग) खाच गोल पूर्ण दिसली पाहिजे.

तेल मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेवढंच आणि दोन्ही बाजूंना सारखं. "थोडं जास्त घातलं, कडक होईल" हे नको. वरची हवेची जागा कमी झाली की दाब वाढतो आणि तो सीललाच बाहेर ढकलतो. चाक लावल्यावर अॅक्सलचे क्लॅम्प बोल्ट आवळण्याआधी शॉकअप चार-पाचदा दाबून सोडा, म्हणजे दोन्ही पाईप सरळ बसतात.

पहिल्या दिवशी पाईपवर तेलाचा पुसट थर दिसेल, तो पुसून टाका. पुसूनही पुन्हा कडं येत असेल तर गाडी तशीच चालवू नका, ते तेल ओघळून ब्रेकवर जातं. पाईप आणि काढलेलं जुनं सील, दोन्ही घेऊन या. लिप कशाने कापली ते जुन्या सीलवरच दिसतं.